पक्ष असो, पण उघड असो

(बऱ्हाणपूर येथे मराठी मंडळींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



हल्ली दोन तक्रारी आगगाडीत, पानाच्या ठेल्यावर आणि आमच्या शिक्षकांच्या खोलीतही सारख्या कानी पडतात. पहिली तक्रार अशी की, वर्तमानपत्रे आणि वाहिन्या पक्षपाती झाल्या. दुसरी अशी की, नटाने नाटक करावे, गाणाऱ्याने गावे, त्यांनी राजकारणात नाक कशाला खुपसावे? गंमत एवढीच की, ही तक्रार माणूस दुसऱ्या बाजूच्या पत्राविषयी आणि दुसऱ्या बाजूच्या नटाविषयी करतो. आपल्या बाजूचे पत्र त्याला निर्भीड वाटते आणि आपल्या बाजूचा नट बाणेदार! तेव्हा रागलोभ बाजूला ठेवून आज हा प्रश्न नीट तपासू या. धंद्याने मी मास्तर आहे. उत्तर सांगण्याआधी प्रश्न फळ्यावर स्वच्छ लिहावा, असे आम्हाला अध्यापन विद्यालयात शिकवले आहे. प्रश्न असा : पक्ष घेणे हा दोष आहे, की पक्ष घेऊन तो लपवणे हा दोष आहे?

आधी कलावंताचे पाहू. मी देवळाच्या गावात राहतो. आमच्याकडे कीर्तनकार पूर्वरंगात अभंगाचे निरूपण करतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो. त्या आख्यानात गावच्या सावकारापासून दिल्लीच्या दरबारापर्यंत कोणाची हजेरी घेतली जाईल याचा नेम नसतो. टिळकांच्या काळात तर राष्ट्रीय कीर्तन हा स्वतंत्र प्रकारच रूढ झाला. तमाशाच्या वगातला सोंगाड्या पाटलाची आणि फौजदाराची फिरकी घेतो. ती घेतली नाही तर प्रेक्षक चुकचुकतात. म्हणजे रंजन करणाऱ्याने राज्यकर्त्यांवर बोलावे, ही आपली जुनी वहिवाट आहे. 'कलावंताने गप्प बसावे' हीच खरी नवी गोष्ट आहे.

आता वर्तमानपत्राचे पाहू. 'केसरी' १८८१ साली निघाला. आगरकर त्याचे पहिले संपादक. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर त्यांचे आणि टिळकांचे पटेना, तेव्हा आगरकर बाहेर पडले आणि त्यांनी १८८८ साली 'सुधारक' काढला. वाचकाला ठाऊक होते की, हा 'केसरी' आणि हा 'सुधारक'. दोघांनीही 'आम्हाला पक्ष नाही' असा आव आणला नाही. महाराष्ट्राची दोन पिढ्यांची बुद्धी या दोन पक्षपाती पत्रांच्या वादावर पोसली, ही गोष्ट विसरू नये.

पुढे आचार्य अत्रे आले. ते आमच्याच धंद्यातले, लंडनहून शिक्षकाची पदविका घेऊन आलेले. नाटके लिहिली, चित्रपट काढले; त्यांच्या 'श्यामची आई'ला १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. आणि याच माणसाने १५ नोव्हेंबर १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी 'मराठा' दैनिक सुरू केले व १९५७ साली विधानसभेत निवडूनही गेले. रंजन करणारा, संपादक आणि पुढारी, तिघे एकाच कोटात! अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर यांनी डफावर थाप मारून चौकाचौकांत जे केले, ते तर साऱ्यांना माहीत आहे. 'मराठा' विरोधकांना न्याय देई काय? मुळीच नाही. पण 'मराठा' हाती घेणारा वाचक काय घेतो आहे हे जाणून घेत असे. फसवणूक झाली, असे कोणाला म्हणता आले नाही.

वाचकहो, हाच मापदंड आता आपल्यालाच लावू या. तो लावणे जड जाईल, तरीही. गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. त्याआधी दोन मराठी दैनिके आमनेसामने उभी होती. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने, 'राष्ट्रमत' विरोधात. गोवा महाराष्ट्रात जाऊ नये हा युक्तिवाद मराठी वाचकापुढे मराठीतूनच मांडला जात होता. चंद्रकांत केणी 'राष्ट्रमत'चे संपादक होते आणि उदय भेंब्रे त्यात 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहीत. मनोहरराय सरदेसाय यांच्यासारखे कवी आणि उल्हास बुयांव यांच्यासारखे गायक त्या बाजूने गावोगाव फिरले. निकाल लागला तेव्हा विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि विरुद्ध १,७२,१९१. आपला पक्ष ३४,०२१ मतांनी हरला.

'गायकांनी आणि वर्तमानपत्राने मते फिरवली' असे म्हणून आपल्यापैकी पुष्कळांनी बोटे मोडली. पण न्यायाने बोलायचे तर त्यांनी उघड मैदानात काम केले. गाणारा कोणत्या बाजूने गातो हे ऐकणाऱ्याला कळत होते आणि उत्तर द्यायला आपल्या हाती पत्र, सभा, डफ सर्व काही होते. शिवाय कौल निष्पक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांचे मंत्रिमंडळ डिसेंबर १९६६ मध्येच पायउतार झाले होते. म्हणजे तराजूच्या कोणत्याही पारड्यात सरकारचा अंगठा नव्हता. निकाल आपल्या मनासारखा लागला नाही, पण झगडा नेकीचा झाला.

सरकारचा अंगठा पारड्यावर पडला म्हणजे काय होते, याचे उदाहरण तुमच्या घरचे आहे. मंडळी, इथून सत्तर किलोमीटरच्या आसपास खंडवा. तिथे ४ ऑगस्ट १९२९ रोजी गांगुलींच्या घरी आभासकुमार जन्मला, त्यालाच जग किशोरकुमार म्हणते. आणीबाणीत त्यांनी ना भाषण केले, ना पत्रक काढले. सरकारच्या वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचारात सिनेमावाल्यांनी सहकार्य करावे असा लकडा माहिती व नभोवाणी खात्याने लावला होता. खात्याचे मंत्री विद्याचरण शुक्ल हेही त्या वेळच्या आपल्या मध्य प्रदेशचेच. किशोरकुमारांनी अधिकाऱ्यांना भेटायचे टाळले, प्रकृतीचे कारण सांगितले, एवढाच त्यांचा अपराध. ४ मे १९७६ पासून आकाशवाणी आणि दूरदर्शनवर त्यांची गाणी बंद! त्यांच्या ध्वनिमुद्रिकांची विक्री गोठवावी आणि त्यांच्या चित्रपटांची यादी करावी, इथपर्यंत मजल गेली. जूनच्या मध्यात त्यांनी सहकार्याची तयारी लिहून दिली, मग बंदी उठली. हे सारे पुढे शाह आयोगापुढे आले आणि शुक्लांनी जबाबदारी स्वीकारली. आज मध्य प्रदेश सरकार त्याच खंडव्यात किशोरकुमारांच्या नावाने सन्मान देते!

त्यांनी अखेर लिहून दिले म्हणून मी त्यांना नावे ठेवणार नाही. ज्याचे पोट ध्वनिमुद्रिकेवर, त्याची ध्वनिमुद्रिका अडवली तर तो किती दिवस तग धरील? मुद्दा निराळा आहे. 'कलावंताने राजकारणात पडू नये' असे म्हणणाऱ्याने हे प्रकरण ध्यानात ठेवावे. सत्तेला कलावंताचे गप्प राहणेसुद्धा खपत नाही. तिला त्याचा आवाज हवा असतो, फक्त तो तिच्या सुरात हवा असतो.

त्याच काळातली दुसरी दोन माणसे पाहा. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत, तर स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. त्या व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली आणि तुरुंगात असताना आजारी पडलेल्या जयप्रकाशांसाठी प्रार्थना करविली. पुढे त्यांनाही तुरुंग पाहावा लागला. १९७७ च्या निवडणुकीत पु. ल. देशपांडे जनता पक्षासाठी सभा घेत फिरले. विनोदी लेखकाने राजकारणावर बोलावे याची तेव्हाही टर उडवली गेली. त्यांची बाजू जिंकली आणि पु. ल. आपल्या कामाला परतले, खुर्ची मागायला गेले नाहीत. १९९६ साली महाराष्ट्र भूषण पुरस्कार मिळाला, तेव्हा देणाऱ्या सरकारची भीड न ठेवता त्यांनी आपले मत सांगितले. सत्ताधारी रागावले. रागावोत बापडे!

यातून एक कसोटी हाती येते. ज्याने मताची किंमत मोजली, त्याचे मत ऐकण्याजोगे असते. मग ते आपल्याला पटो वा न पटो. आणि ज्याला मताची किंमत मिळाली, त्याचे मत ही जाहिरात होय. जाहिरातही असावी, पण तिच्यावर 'जाहिरात' असे लिहिलेले असावे.

आजचा खरा रोग इथे आहे. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० साली सविस्तर अहवाल दिला. याच राज्यात, दतियाचे तेव्हाचे आमदार व मंत्री नरोत्तम मिश्र यांना २००८ च्या निवडणुकीतल्या अशा बातम्यांचा खर्च हिशेबात दाखवला नाही म्हणून निवडणूक आयोगाने जून २०१७ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. मे २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, हेही सांगितलेच पाहिजे. कायद्याने सिद्ध करणे किती अवघड, हे यावरून दिसते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी एका शोधपत्रकारांच्या गटाने छुप्या चित्रणात तीसहून अधिक सिनेकलावंत दाखवले : पक्षाचा मजकूर स्वतःचे मत म्हणून पैशाच्या बदल्यात प्रसृत करायला तयार! काहींनी हा आरोप नाकारला. पण सौद्याचा प्रकार पाहा. इथे कलावंत मत मांडत नाही, आपले नाव भाड्याने देतो.

मग आपण करायचे काय? सरकारने बंदोबस्त करावा, असे म्हणाल तर १९७६ साल आठवा. तो अंगठा पुन्हा पारड्यावर बोलावू नका. काम आपले आहे, आणि बऱ्हाणपूरकरांना ते सर्वांत सोपे आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तुमची राजधानी नागपूरची भोपाळ झाली. पण घरात मराठी राहिली, बाजारात हिंदी आली. तुम्ही जळगावकडचे मराठी पत्र वाचू शकता, इंदूरकडचे हिंदीही. हे दोन डोळे उघडे ठेवा.

वर्गात मी मुलांना एक पाठ देतो, तो तुम्हालाही देतो. एकाच घटनेची बातमी दोन पत्रांतून कापा आणि वहीत समोरासमोर चिकटवा. दोन्हींतली विशेषणे पेन्सिलीने खोडा. मग उरलेली क्रियापदे जुळवा : कोणी काय केले, कोठे केले, केव्हा केले. जे दोन्हींत जुळते ती बातमी. जे खोडले ते मत. आणि जे एकात आहे पण दुसऱ्यात मुळीच नाही, तिथे लाल खूण करा, कारण न छापलेल्या ओळीतच पक्षपात अधिक सापडतो. नट किंवा गायक काही बोलला तर तीन प्रश्न विचारा. हे तो पूर्वीही बोलत होता काय? बोलल्याने त्याचे काही गेले, की काही आले? विरुद्ध बोलणाऱ्याला तेवढीच मोकळीक आहे काय?

हे साप्ताहिकही यातून सुटत नाही. त्याचा पक्ष त्याच्या कपाळावर लिहिलेला आहे. तुम्ही तो जाणून वाचता. आमचाही मजकूर असाच पेन्सिल घेऊन वाचा, आणि विरुद्ध बाजूचे पत्र शेजारी ठेवून वाचा. उद्या आपल्या बाजूचा एखादा गायक चार शब्द बोलला आणि त्यासाठी त्याची गाणी बंद झाली, तर आपण ओरडणारच. पण आपल्या विरुद्ध बोलणाऱ्याची बंद झाली, तेव्हाही तितक्याच मोठ्याने ओरडायला हवे. एवढे ज्याला जमेल, त्यानेच वर्तमानपत्राला पक्षपाती म्हणावे.