शनिवारची दुपार

श्रोतेहो, आपल्या वऱ्हाड-नागपूरच्या पराटीचं बोंड कुठवर जाऊन पोचत असे, ठाऊक आहे? १८६७ साली नागपूरला आगगाडी आली. हिंगणघाटच्या कापसाला तर विलायतेच्या बाजारात नावानिशी ओळखत. वावरातून निघालेला कापूस आगगाडीनं मुंबईच्या बंदरात जाई, तिथून आगबोटीनं लिव्हरपूलला, आणि मग लँकेशायर परगण्यातल्या गिरण्यांत. तिथं त्याचं सूत होई, कापड होई, आणि तेच कापड आपल्या बाजारात विकायला येई.

या व्यापारानं आपल्या विणकराचं काय झालं, ते शाळेतलं पोरही सांगेल. ते विसरायचं नाही. पण त्या गिरण्यांत राबणारी माणसं कोण होती, दिवस मावळल्यावर ती काय करीत, त्यांचा जीव कशात रमे, हे आपण सहसा विचारत नाही. विलायत म्हटली की आपल्याला आठवतो तो साहेब. आज त्या साहेबाला घटकाभर बाजूला बसवू आणि त्याच्याच देशातल्या कामकऱ्याच्या दारात डोकावू.

लँकेशायरची हवा ओली. ओल्या हवेत सूत कमी तुटतं, हे गिरण्या तिथं वाढण्याचं एक कारण. आभाळ बहुधा भरलेलं, पावसाची रिपरिप चालू. त्यामुळं दोन माणसं भेटली की बोलणं हवेपासून सुरू होतं, आणि ऊन पडलं तर एकमेकांना सांगून आनंद करतात. आपल्या नागपुरात मे महिन्यात कुणी म्हणालं, ‘वा, आज काय छान ऊन पडलंय!’ तर लोक त्याच्या खिशात कांदा कोंबतील. ज्याची टंचाई, त्याचं कौतुक; एवढाच फरक.

तिथल्या कामकऱ्यांच्या घरी संध्याकाळच्या जेवणालाच ‘चहा’ म्हणतात. चहा हा त्यांचा प्राण. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, चहावर रेशन आलं, तेव्हा सुरुवातीला माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे आपले सुमारे पाच तोळे मिळत. हे रेशन १९५२ पर्यंत चाललं. पण तेवढ्यातही आल्यागेल्याला कप पुढं करायची रीत मोडली नाही. आपल्याकडं पाहुण्याला गूळ-पाणी द्यावं, तसंच ते.

आता मुद्द्याची गोष्ट. या माणसांना सुख भोगायला वेळ कुठून मिळाला? गिरणीचा भोंगा पहाटे वाजे आणि रात्र पडेतो सुटका नसे. कामकऱ्यांनी वर्षानुवर्षं चळवळ केली, अर्ज केले, सभा घेतल्या. १८५० साली कायदा झाला की कापड गिरण्यांत बाया आणि अल्पवयीन मुलांचं काम शनिवारी दोन वाजता थांबलंच पाहिजे. बाया थांबल्या की गिरणी थांबे, म्हणून पुरुषांनाही सुट्टी मिळू लागली. गुरुजी, आपल्या शनिवारच्या सकाळच्या शाळेची गोडी तुम्हाला ठाऊकच आहे. अर्धा दिवस मोकळा! त्या अर्ध्या दिवसात या कामकऱ्यांनी केवढा संसार मांडला, पाहा.

शनिवारी दुपारी ते फुटबॉलला गेले. १८८८ साली इंग्लंडात फुटबॉलची पहिली लीग निघाली, तिच्या १२ संघांपैकी ६ एकट्या लँकेशायरचे होते. बर्नली, बोल्टन, ब्लॅकबर्न, प्रेस्टन ही नावं मुळात गिरणगावांची. तिथल्या लोकांसाठी तो संघ म्हणजे गावचा शंकरपटातला बैल. जिंकला तर आठवडाभर छाती पुढं.

कुणी बागकाम करी. शहरातल्या माणसाला भाजी लावायला नगरपालिकेनं भाड्यानं जमीन द्यावी, असा कायदा १९०८ साली झाला. जमीन केवढी? जुन्या मापानं अडीच गुंठे! आपल्या कास्तकाराला हसू येईल. पण त्या अडीच गुंठ्यांत बटाटे, कोबी, वाटाणे, कोपऱ्यात अवजारांची खोपी, खोपीत चहाची किटली. आणि शेजारच्या तुकड्यापेक्षा आपला कांदा मोठा झाला, यावर आठ दिवस गप्पा.

वर्षातून एकदा अख्खं गाव ब्लॅकपूलच्या समुद्रावर जाई. एकेका गावच्या गिरण्या ठरलेल्या आठवड्यात बंद राहत. तो आठवडा मुळात तिथल्या देवळाच्या जत्रेचा. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते, रात्रभर नाटकं होतात, त्याच जातीचा हा सण. पण या सुट्टीचा पगार मिळत नसे. पगारी सुट्टीचा कायदा आला तो १९३८ साली. म्हणून कामकरी दर आठवड्याला चार-दोन पैसे भिशीत टाकीत, आणि वर्षाच्या शेवटी ते समुद्रात पाय बुडवून मोकळे होत.

अशीच भिशी रॉचडेल गावच्या २८ जणांनी केली. त्यांत बरेचसे विणकर. दुकानदार पिठात भेसळ करी, उधारीवर नाडी. यांनी माणशी एक पौंड जमवला आणि २१ डिसेंबर १८४४ ला स्वतःचं दुकान उघडलं. माल काय? पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. नफा सभासदांत वाटला, आणि पुढं त्यातला काही हिस्सा शिक्षणासाठी, वाचनालयासाठी बाजूला काढू लागले. आपल्या गावोगावच्या सहकारी सोसायटीचं हे एक आजोळच म्हणा ना!

आणि रानात हिंडणं? तेही फुकट मिळालं नाही. मँचेस्टरजवळच्या डोंगरांवर जमीनदारांनी शिकारीसाठी बंदी घातली होती. २४ एप्रिल १९३२ ला काही शे तरुण कामकरी बंदी मोडून किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. पण १९४९ साली डोंगर-पायवाटांवर लोकांचा हक्क मानणारा कायदा झालाच.

हीच माणसं गांधीजींशी कशी वागली, तेही ऐकण्यासारखं आहे. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गांधीजी विलायतेला गेले. आपल्या बहिष्कारानं लँकेशायरचे माग थांबले होते, माणसं बेकार होती. तरी सप्टेंबरअखेर गांधीजी मुद्दाम डार्विन गावी गेले. त्यांनी आपल्या देशातलं दारिद्र्य समजावून सांगितलं. गिरणीतल्या बायांनी त्यांच्याभोवती गर्दी करून जयजयकार केला. ते छायाचित्र आजही पाहायला मिळतं. हातातली भाकर गेलेली असताना समोरच्याची भूक समजून घेणं सोपं नाही, मंडळी.

आता एक अवघड गोष्ट. शनिवारची दुपार सगळ्यांची सारखी नव्हती. पुरुष फुटबॉलला जाई, तेव्हा गिरणीतून आलेली बाई धुणी धुवी, फरशी घाशी. तिला विसावा दिला तो मासे आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडी विकणाऱ्या दुकानानं. गरम पुडकं वर्तमानपत्रात बांधून घ्यायचं, वर मीठ आणि शिरका, की त्या रात्री चूल बंद. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं कशाकशावर रेशन आणलं, पण या खाण्यावर आणलं नाही. कामकऱ्याचा हा घास काढून घेऊ नये, एवढं शहाणपण राज्यकर्त्यांना होतं.

आपल्याकडं डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखातं सांभाळीत होते. त्यांनी आणलेल्या सुधारणेमुळं १९४६ साली कारखान्यातलं काम आठवड्याला ५४ तासांवरून ४८ तासांवर आलं. नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या कामगारांनाही ते लागू झालं. पुढं ती मिल बंद पडली, लँकेशायरच्या बहुतेक गिरण्याही बंद पडल्या. पण भोंगा असो-नसो, तिथली शनिवारची दुपार टिकली.

आपल्या शेतात मात्र भोंगा नाही आणि कायद्याचं घड्याळही नाही. बैलाला पोळ्याचा दिवस मिळतो. त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाहीत, त्याला पुरणपोळी चारतात. पराटी वेचून आलेल्या बाईला असा दिवस कोणता? पोळ्याचं पुरणही तीच वाटते!

विलायतेकडून घ्यायचंच असेल तर साहेबाची टोपी नको, कामकऱ्याची शनिवारची दुपार घेऊ. येत्या ग्रामसभेत, महिला मंडळात, शाळेच्या पालकसभेत एवढाच विषय काढा: आठवड्यातली एक दुपार गावातल्या बाईची. त्या दुपारी वाचनालय उघडं ठेवायचं, पाण्याचे हंडे पुरुषांनी आणायचे, आणि चहा, तोही दुसऱ्या कुणी करायचा. गुरुजी, सुरुवात तुमच्या घरापासून झाली तर गाव पाहील.