आधी कागद, मग संगणक

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)



कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी नावाच्या वस्त्या एकाहून अधिक आहेत. ठाकूर समाजाची वस्ती ती ठाकुरवाडी, इतके साधे नाव. डोंगराच्या कुशीतल्या अशाच एका वाडीत माझे गेली काही वर्षे जाणे-येणे आहे. मी कर्जतचा. कर्जत लोकलने मुंबईला जाऊन-येऊन संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्यात माझी नोकरी सरली. त्यामुळे वाडीत कुणाचा मुलगा किंवा मुलगी बारावी झाली की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो, "सर, कॉम्प्युटरची लाइन चांगली का?"

मागच्या पावसाळ्यात हा प्रश्न एका मुलीने विचारला. बारावी कला शाखा, गुण बरे. शहरातल्या एका क्लासने तिला 'प्रोग्रॅमर व्हा, नोकरीची हमी' असा कागद दिला होता. पहिला हप्ता १५ हजार रुपये. तिची आई वाडीतल्या महिला बचत गटाचा हिशेब सांभाळते. ते पैसे गटातून दरमहा २ टक्के व्याजाने उचलायचे, असे घरात जवळजवळ ठरले होते. म्हणजे नुसते व्याजच महिन्याला ३०० रुपये. रानभाजी विकून पैसा जोडणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही.

मी म्हटले, "ताई, पैसे आठ दिवस थांबवा. हिला हे काम आवडते का, ते आधी फुकटात पाहू."

प्रोग्रॅमिंग म्हणजे काय, याबद्दल आपल्याकडे बराच गोंधळ आहे. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन २००१ साली स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम गावोगाव पोचला. त्यात संगणक वापरायला शिकवतात. पत्र टाइप करणे, तक्ता बनवणे, ई-मेल पाठवणे हे उपयोगाचेच आहे. पण ते प्रोग्रॅमिंग नव्हे. एसटीतून प्रवास करता येणे वेगळे आणि एसटीचे वेळापत्रक आखणे वेगळे. प्रोग्रॅमर वेळापत्रक आखतो. एखादे काम कोणत्या क्रमाने, कोणत्या अटीवर आणि किती वेळा करायचे, हे तो यंत्राला समजेल इतके बिनचूक लिहितो.

त्या संध्याकाळी आम्ही संगणक उघडलाच नाही. वही घेतली आणि मुलीला सांगितले, आईचा बचत गटाचा हिशेब पायरी-पायरीने लिही. तिने लिहिले: सदस्य १२. प्रत्येकीने महिन्याला १०० रुपये भरायचे. १० तारखेपर्यंत भरले तर जमा करायचे. नाही भरले तर १० रुपये दंड लावायचा. पहिलीपासून बारावीपर्यंत प्रत्येकीसाठी हेच पुन्हा करायचे. शेवटी बेरीज.

श्रोतेहो, प्रोग्रॅमिंगचा पाया या चार ओळींत आला. क्रम आला, अट आली, पुनरावृत्ती आली आणि लक्षात ठेवायची रक्कमही आली. जगातले मोठमोठे प्रोग्रॅम याच विटांनी बांधलेले असतात.

मग पायथन नावाच्या भाषेत तेच आम्ही मोबाईलवर लिहिले. जेमतेम १५ ओळी झाल्या. प्रोग्रॅम चालला आणि एका बाईला १० रुपये दंड लागला. शेजारी तांदूळ निवडत बसलेली आई लगेच म्हणाली, "तिला दंड कसा? तिने आठ तारखेला ५० रुपये दिलेत. निम्मे दिले तर दंड नाही, उरलेले पुढच्या महिन्यात, असं आमचं बैठकीत ठरलंय." मुलीने हा नियम लिहिलाच नव्हता, मग यंत्राला तो कुठून कळणार? मी विचारले, "आणि कुणी आजारी असली तर?" आई म्हणाली, "त्याचा नियम नाही. ते आम्ही बसून ठरवतो."

त्या रात्रीचा खरा धडा तिथे मिळाला. भाषा शिकणे हा या कामाचा सोपा भाग. कोणता नियम राहून गेला हे हुडकणे आणि कोणता निर्णय यंत्रावर सोडायचाच नाही हे ओळखणे, हा अवघड भाग. मुलीने त्या जागी प्रोग्रॅमने थांबून 'बैठकीत विचारा' असे दाखवावे, अशी सोय केली.

राहून गेलेला नियम किती महागात पडतो, ते मी स्वतः अनुभवले आहे. १९९६ साली मी एका कारखान्यासाठी रोजंदारीच्या पगाराचा प्रोग्रॅम लिहिला होता. फेब्रुवारी २८ दिवसांचा धरला. त्या वर्षी तो २९ दिवसांचा होता. २९ तारखेच्या हजेरीला माझ्या प्रोग्रॅममध्ये रकानाच नव्हता आणि मजुरांच्या हातात एका दिवसाचे पैसे कमी पडले. चूक माझी होती. पुढच्या आठवड्यात पैसे मिळाले. पण तो आठवडा त्यांनी कसा काढला असेल, हा विचार अजून मनातून जात नाही. प्रोग्रॅमच्या पलीकडच्या टोकाला माणूस असतो, हे या पेशात येणाऱ्याने पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे.

मुलीची दुसरी शंका इंग्रजीची होती. ती शंका खोटी नाही. पण घाबरण्याइतकी मोठीही नाही. सी भाषेतले मूळ राखीव शब्द ३२. पायथनच्या आजच्या आवृत्त्यांत ३५. तेवढे पंधरवड्यात पाठ होतात. पुढे सूचना आणि पुस्तके वाचण्यापुरते इंग्रजी कामाबरोबर वाढत जाते. सी भाषेवरचे 'लेट अस सी' हे देशभर वाचले गेलेले पुस्तक नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय तंत्रज्ञांनी बांधलेला संगणक १९६० साली सुरू झाला; १९६२ साली त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला, त्या कामाचे नेतृत्व डॉ. विजय भटकर यांनी केले. तेव्हा ही विद्या आपल्या अंगणात नवखी नाही.

आता वाटा सांगतो. दहावीनंतर आयटीआयमध्ये 'कोपा', म्हणजे संगणक चालक आणि प्रोग्रॅमिंग सहायक, हा एक वर्षाचा ट्रेड आहे. तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका आहे. बारावीनंतर बीसीए, बीएस्सी संगणकशास्त्र किंवा चार वर्षांची अभियांत्रिकी आहे. प्रवेशाच्या अटी बदलत असतात. म्हणून जवळच्या शासकीय आयटीआयत किंवा महाविद्यालयात स्वतः जाऊन चौकशी करावी, शिष्यवृत्तीचीही. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' पोर्टलवर शिकणे मोफत आहे. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तर शुल्क पडते. साध्या मोबाईलवर पायथन चालवणारी मोफत अ‍ॅपही मिळतात. सुरुवातीला एवढे पुरते.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, तेव्हापासून यंत्रे मागाल तसा प्रोग्रॅम लिहून देऊ लागली आहेत. मग माणसाची गरज काय? आम्ही तेही करून पाहिले. बचत गटाचा प्रोग्रॅम यंत्राला मागितला. क्षणात मिळाला, दिसायला आमच्यापेक्षा देखणा. पण निम्मे पैसे भरणाऱ्या बाईला त्यानेही दंड लावला. आम्ही नियम सांगितला नव्हता, त्याने विचारला नाही. नुसते सांगितलेले टाइप करणाऱ्याचे दिवस यापुढे कठीण आहेत. काम नीट समजून घेणारा, नेमके प्रश्न विचारणारा आणि आलेले उत्तर तपासणारा माणूस मात्र लागणारच. या काळात नोकरीची हमी कोणी देत असेल तर ती लेखी मागावी. नोकरी न मिळाल्यास पैसे परत मिळतील का, हेही विचारावे.

हे काम आपल्याला जमेल का, याची एक परीक्षा सांगतो. तीन महिने, रोज एक तास. घरातला एखादा खरा हिशेब घ्या, दुधाचा, मजुरीचा, भातविक्रीचा. त्याचा प्रोग्रॅम लिहा. तो चुकेल. चूक शोधताना चिडचिड होईल. पण ती सापडल्यावर पुन्हा बसावेसे वाटले, तर पुढे जा. न वाटल्यास कमीपणा मानू नका. जगात इतरही चांगली कामे आहेत आणि तुमचे पैसे वाचलेले असतील.

त्या मुलीच्या घरी १५ हजार रुपये उचलले गेले नाहीत. तिने तीन महिने काढले. आता कोपाचा अर्ज भरायचे म्हणते आहे. पुढे काय होईल, ते मी सांगू शकत नाही. मात्र दर महिन्याच्या बैठकीत आई आपल्या वहीतला हिशेब आणि मुलीच्या मोबाईलवरचा हिशेब शेजारी ठेवून ताडून पाहते. दोन्ही जुळले नाहीत, तर आधी वही तपासायची की प्रोग्रॅम, यावर मायलेकींचा वाद होतो. मागच्या खेपेला चूक वहीत निघाली, असे मुलीने मला मोठ्या अभिमानाने सांगितले.