सोयाबीनवरची अमरवेल



चिखली-मेहकरकडच्या बहुतेकांनी सोयाबीनवर अमरवेल पाहिली असेल. पिवळे, सुतासारखे दोरे. ना हिरवं पान, ना जमिनीत मूळ. दिसली की आपण ती झाडासकट उपटतो आणि धुऱ्याबाहेर नेऊन जाळतो. तेच योग्य आहे. तिचं टणक बी जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं आणि बियाण्यात मिसळून दुसऱ्याच्या वावरात पोचतं. पण उपटण्याआधी तिच्याजवळ थोडं बसा, असं मला आज तुम्हाला मनापासून सांगायचंय.

तिचं रोप रुजतं तेव्हा पदरी जेमतेम काही दिवसांची शिदोरी असते. तेवढ्यात आधाराचं झाड सापडलं नाही तर ते मरतं. मग ते झाड शोधतं कसं? 2006 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की ते वासावर जातं. समोर टोमॅटो नसून नुसता टोमॅटोचा वास असला, तरी कोंब तिकडे वळत होता. टोमॅटो आणि गहू दोन्ही ठेवले, तर त्याचा ओढा टोमॅटोकडे. नाक नसलेल्या जिवाची ही निवड आहे!

खोडाला वेढा घातला की तिचे शोषक आत शिरतात. वेढा नखाने हळूच सोडवून पाहा, आतल्या बाजूला बारीक उंचवट्यांची रांग दिसेल. तिथून फक्त पाणी आणि अन्नच जातं असं आपण शिकलो. 2014 मध्ये व्हर्जिनियातल्या जेम्स वेस्टवुड यांच्या गटाला तिथून हजारो प्रकारचे आरएनए रेणूही जाताना आढळले, तेही दोन्ही दिशांनी. चीनमधल्या कुनमिंगच्या संशोधकांनी तर 2017 मध्ये दाखवलं, की एकाच अमरवेलीने जोडलेल्या झाडांपैकी एकाला अळी लागली, की बाकीचीही बचावाची तयारी सुरू करतात. हा इशारा वेलीतून मिनिटाला किमान 1 सेंटिमीटर वेगाने जातो.

मला सगळ्यात थक्क करतो तो 2020 चा शोध. फुलायची वेळ ठरवणारी स्वतःची यंत्रणा अमरवेल गमावून बसली आहे. यजमान झाड फुलायला लागलं, की त्याच्या पानांत तयार होणारं फुलण्याचं प्रथिन तिच्यात उतरतं आणि तीही फुलते. यजमानाच्या आधी फुलली तर बी कमी धरेल, नंतर फुलली तर झाडच वाळून जाईल.

हे सगळं प्रयोगशाळेत सिद्ध झालंय. आपल्या काळ्या जमिनीत, खरिपाच्या पावसात हे कसं घडतं, ते बघणारे डोळे तुमचेच असणार. शेजारच्या दोन वावरांत लवकर येणारं सोयाबीनचं वाण जेएस 93-05 आणि त्यामागून येणारं जेएस 335 असेल, तर दोन्हींवरची अमरवेल कधी फुलते याच्या तारखा वहीत लिहून ठेवा, मलाही कळवा. आणि बी धरायच्या आत ती उपटून टाका.