चार बोटांचें अंतर

खरें आणि खोटें ह्यांत अंतर किती, असें विचारलें तर चार बोटांचें, असें उत्तर मराठींत पूर्वापार देण्यांत येतें. चार बोटें म्हणजे डोळा आणि कान ह्यांमधील जागा. डोळ्यांनीं पाहिलेलें तें खरें, कानांनीं ऐकलेलें पारखून घ्यावें, असा ह्या म्हणीचा भावार्थ. शास्त्राची तर सारी भिस्त निरीक्षणावर. मग जिला कानाखेरीज दुसरें द्वारच नाहीं, त्या नभोवाणीनें शास्त्र सांगावें तरी कसें? अमेरिकेंतील एका नभोवाणी-निर्मात्यानें ह्या प्रश्नाला सुमारें वीस वर्षें वाहून घेतलें. त्यांचें नांव जॅड अबुमराड. त्यांचें यश जितकें उद्बोधक आहे, तितकीच त्यांच्या कार्यक्रमाच्या हातून घडलेली चूकही उद्बोधक आहे.

अबुमराड ह्यांचा जन्म 1973 सालचा. आईवडील लेबनॉनमधून आलेले. वडील डॉक्टर, आई जीवशास्त्रज्ञ. बालपण टेनेसी संस्थानांत गेलें. कॉलेजांत त्यांनीं संगीतरचनेचा अभ्यास केला; चित्रपटांना संगीत द्यावें अशी त्यांची आकांक्षा होती. ती फळास आली नाहीं, आणि ते नभोवाणीकडे वळले. 2002 सालीं न्यूयॉर्कच्या डब्ल्यू-एन-वाय-सी केंद्रावरून त्यांचा ‘रेडिओलॅब’ हा कार्यक्रम सुरू झाला. पुढें रॉबर्ट क्रुलविच हे मुरलेले वार्ताहर त्यांना येऊन मिळाले. शास्त्रज्ञाचें व्याख्यान सलग ऐकविण्याची जुनी रीत ह्या दोघांनीं सोडून दिली. एकाचें वाक्य दुसऱ्यानें उचलावें, मध्येंच शंका काढावी, शंकेच्या जागीं क्षणभर स्तब्धता ठेवावी, आणि जेथें शब्द अपुरा पडेल तेथें नादाला पुढें करावें, अशी त्यांची पद्धति होती. 2011 सालीं अबुमराड ह्यांना मॅकआर्थर फेलोशिपचा बहुमान मिळाला.

ह्या पद्धतीचा एक नमुना पुष्कळांच्या स्मरणांत आहे. 2012 सालच्या एका कार्यक्रमाचा विषय होता रंग. रंग कानांना दाखवावयाचा! कुत्र्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात, माणसाच्या डोळ्यांत तीन प्रकारच्या. मँटिस श्रिंप नांवाचा एक कवचधारी प्राणी समुद्रांत राहतो. त्याच्या डोळ्यांत ह्याच कामासाठीं तब्बल 12 प्रकार आढळतात, आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशींचे सारे प्रकार मोजले तर संख्या 16 पर्यंत जाते. हे आंकडे नुसते वाचून दाखविले असते तर श्रोत्याच्या मनांतून ते तत्काळ ओसरले असते. अबुमराड ह्यांनीं एक मोठा गायकवृंद पाचारण केला. कुत्र्याच्या दृष्टीसाठीं मोजके स्वर, माणसाच्या दृष्टीसाठीं त्यांहून भरीव मेळ, आणि मँटिस श्रिंपची पाळी आली तेव्हां सबंध वृंद एकदम घुमूं लागला. जो रंग कोणत्याहि मनुष्यानें पाहिलेला नाहीं, त्याची चाहूल श्रोत्यांना जणुं कानांवाटे लागली.

परंतु शास्त्र तेथें थांबलें नाहीं. 2014 सालीं ‘सायन्स’ नियतकालिकांत ह्याच प्राण्यावरील प्रयोग प्रसिद्ध झाले. दोन रंगांपैकीं ठराविक रंग निवडला कीं खाऊ मिळतो, असें त्याला शिकविण्यांत आलें. मग ते दोन रंग एकमेकांच्या जवळजवळ आणण्यांत आले. माणूस ज्या छटा सहज निराळ्या काढतो, त्या ह्या प्राण्याला ओळखतां येईनात! पेशींचे प्रकार अधिक म्हणून रंगांचें वैभवहि अधिक, हें अनुमान कोसळलें. 2012 सालीं उपलब्ध असलेल्या ज्ञानाशीं कार्यक्रम प्रामाणिक होता. त्याला दोष देतां येणार नाहीं. तथापि वृंदगायनानें जें मनावर कोरलें, तें पुसून टाकणें प्रयोगाच्या कोरड्या आंकड्यांना सोपें नाहीं. नादाचें सामर्थ्य असें दुधारी असतें.

त्याच वर्षीं ह्याहून कठीण प्रसंग उद्भवला. लाओसमध्यें अमेरिकेच्या बाजूनें लढलेल्या ह्मोंग लोकांवर 1975 नंतर संकट कोसळलें. विमानांतून पिवळे थेंब पडतात आणि माणसें मरतात, असें ते सांगूं लागले. हें रशियाच्या मदतीनें टाकलेलें विष होय, असा आरोप 1981 सालीं अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनीं केला. पुढें मॅथ्यू मेसेलसन प्रभृति शास्त्रज्ञांनीं थेंबांचे नमुने तपासले. त्यांत परागकण निघाले, आणि ती मधमाश्यांची विष्ठा असल्याचा निष्कर्ष निघाला. ‘रेडिओलॅब’नें त्या संहारांतून वांचलेल्या एका वृद्ध गृहस्थाची मुलाखत घेतली. त्यांची पुतणी, लेखिका काओ कालिया यांग, दुभाषी होती. विमानांतून पूड पडतांना प्रत्यक्ष पाहिली काय, हा प्रश्न क्रुलविच ह्यांनीं पुन्हां पुन्हां लावून धरला. अखेर लेखिकेला रडूं कोसळलें. आमच्या लोकांचे मृत्यु कोणी ऐकून घेत नाहीं म्हणूनच काका बोलावयास बसले होते, अशा आशयाचे शब्द बोलून तिनें मुलाखत थांबविली. कार्यक्रम प्रसृत होतांच श्रोत्यांनीं तीव्र नापसंति कळविली. क्रुलविच ह्यांनीं आपल्या स्वराबद्दल आणि शब्दांबद्दल क्षमा मागितली.

थेंबांविषयींचा शास्त्रीय निष्कर्ष त्या रडण्यानें खोटा ठरत नाहीं. पण थेंब मधमाश्यांचे ठरले म्हणून माणसें मेलीं नाहींत, असेंहि ठरत नाहीं. प्रश्न पिवळ्या थेंबांचा होता. उत्तर माणसांच्या मृत्यूचें येत होतें. आणि विचारणाऱ्याचा कान पहिल्याच गोष्टीवर खिळला होता. 2020 सालच्या एका भाषणांत अबुमराड ह्यांनीं हा प्रसंग स्वतः जाहीरपणें सांगितला. शास्त्रांतील नवलाशीं गोष्ट संपवावी, हा आपला जुना परिपाठ त्यानंतर त्यांना पुरेसा वाटेना. दोन सत्यें समोरासमोर ठाकलीं असतां दोहोंना सामावणारें तिसरें कांहीं शोधावें, ह्या विचाराकडे ते वळले. 2022 सालीं ते ‘रेडिओलॅब’मधून निवृत्त झाले, कार्यक्रमाची धुरा तरुण सहकाऱ्यांनीं उचलली.

ऐकलेलें पारखून घ्यावें, ही म्हणीची शिकवण मँटिस श्रिंपच्या बाबतींत अक्षरशः खरी ठरली. परंतु पारखण्यापूर्वीं पुरतें ऐकावें लागतें, आणि तें त्या मुलाखतींत राहून गेलें.