हलकी झोळी, लांबची वाट

दूरच्या वाटेला निघालेला मनुष्य सामान वाहतो असें आपण म्हणतों. वस्तुतः पुष्कळदां तो आपलें भयच वाहत असतो. पाऊस आला तर, शिधा संपला तर, असा प्रत्येक ‘तर’ त्याच्या पाठीवर एकेक वस्तु चढवितो.

अमेरिकेंत जॉर्जियापासून मेनपर्यंत गेलेली ॲपलॅचिअन पर्वतवाट त्या काळीं सुमारें ३,३०० किलोमीटर लांब होती. १९५५ सालीं, वयाच्या ६७ व्या वर्षीं, एमा गेटवुड या अकरा मुलांच्या मातेनें ती एका हंगामांत एकटीनें पार केली. तंबू नाहीं, कीं झोंपण्याची पिशवी नाहीं. घरीं शिवलेली झोळी, तींत पांघरूण, पावसाळी कोट व आडोशाला प्लॅस्टिकचा पडदा. पायांत कॅनव्हासचे साधे जोडे.

परंतु ही केवळ काटकसरीची कथा नव्हे. १९५४ सालीं मेनच्या रानांत बाई वाट चुकल्या, चष्मा फुटला, आणि त्यांना परतावें लागलें. चष्म्याचें वजन तें किती! पण तो गेल्यावर बाकीची झोळी कोणत्या कामाची? दुसऱ्या खेपेस अनोळखी घरांचा आसराहि त्यांना लाभला. तो कोणाच्याहि यादींत आधीं लिहितां येत नाहीं.

म्हणून अशी वाट धरणाऱ्यानें झोळीची नक्कल करूं नये, विचार करावा. पाणी कोठें, शिधा किती दिवसांनीं मिळेल, रात्रीं थंडी किती, हें घरींच ठरवावें. एका वस्तूनें दोन कामें होत असतील तर दुसरी काढावी. अंगावरचें ऊबदार कोरडें वस्त्र मात्र कधींहि काढूं नये. माहिती वाढली कीं भय घटतें, आणि भय घटलें कीं ओझें आपोआप उतरतें.