भिंतीला आलेले पोट

(वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



पाककृतीवर बोल म्हटले असते तर सोपे गेले असते. पण मी बोलणार आहे भिंतीवर. हसू नका! घर कोणाच्याही नावावर असो, भिंतींशी दिवसभर गाठ आपलीच असते.

आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत आजेसासऱ्यांच्या वेळची, दगडमातीची. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात कृष्णा-पंचगंगेचे पाणी घरात शिरले. पुढे दिवाळीला भांडी घासायला काढली, तो मांडणी पुढे झुकलेली. मागे पाहते, तर भिंतीला पोट आलेले! गवंड्याने वरून सिमेंटचा गिलावा केला. भिंत सुरेख दिसू लागली आणि आम्ही निश्चिंत झालो. २०२१ चा पूर ओसरला आणि ती गिलाव्यासकट आणखी दोन बोटे पुढे आली. त्या भिंतीलगत सासूबाईंची खाट होती.

मग एका वृद्ध गवंडीकाकांनी समजावले. अशी भिंत म्हणजे दोन पदर आणि मध्ये मातीची भर. दोन्ही पदरांना धरून ठेवणारे आरपार लांब दगड नसले, की भिजलेली भर त्यांना दोहीकडे ढकलते. सिमेंटचा गिलावा आतली ओल कोंडून ठेवतो. त्यात आपली काळी जमीन पाणी पिऊन फुगते, उन्हात भेगाळते आणि पाया हलवते. १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच जाड भिंतींखाली माणसे गाडली गेली. त्यानंतर तिकडे उभ्या भिंतींत आरपार भोके पाडून, सळई घालून काँक्रीट भरण्याचा उपाय शिकविला गेला.

आमच्याकडे क्रम असा झाला. आधी न्हाणीचे आणि पागोळ्यांचे पाणी पायापासून दूर काढले. छपराचा भार धिऱ्यांवर घेतला. फुगलेला भाग थोडा थोडा उतरवून, आरपार दगड घालून पुन्हा रचला. चांगल्या भागात सळईचे सांधे भरले. वरून चुन्याचा गिलावा दिला, म्हणजे भिंतीला श्वास घेता येतो.

आपण एवढे करावे : दोरीला दगड बांधून भिंतीपुढे ओळंबा सोडावा. भेगेवर कागदाची पट्टी चिकटवून तारीख लिहावी. पट्टी फाटली की भिंत चालते आहे असे समजावे आणि जाणत्या माणसाला बोलवावे. आणखी एक : पाणी उतरले म्हणजे धोका टळला असे नाही. बाहेरच्या पाण्याचा आधार सुटतो, आत मुरलेले पाणी ढकलत राहते. म्हणून पुष्कळ भिंती पूर ओसरल्यावरच पडतात. घर धुण्याच्या घाईत त्यांच्याजवळ मुलांना जाऊ देऊ नका.

आणि सर्वांत पहिली दुरुस्ती कोणती? तिला गवंडी लागत नाही, पैसा लागत नाही. भिंतीलगतची खाट हलवावी. आम्हाला ते दोन वर्षे सुचले नाही. तुम्हाला आजच सुचावे, एवढ्यासाठी हे बोलले.