रविवारी दुकानं बंद असतात, मग तुम्ही करता काय?

मागच्या भागानंतर तुमचे बरेच मेसेज आले. ब्लू कार्ड कसं मिळतं, म्युनिकमध्ये भाडं किती, हातात पगार किती येतो, जर्मन न येता नोकरी मिळते का. या सगळ्यावर इंटरनेटवर ढीगभर माहिती आहे आणि माझ्यापेक्षा चांगली आहे. पण एका मुलीनं विचारलं होतं, "दादा, नवरा कामाला गेल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी तिथे बायको-मुलं करतात काय?" आजचा भाग तिच्यासाठी. आधीच सांगतो, यात व्हिसाच्या टिप्स फार नाहीत.

थोडी पार्श्वभूमी. मी २९ वर्षांचा, पुण्यातून बीटेक, बॅकएंड डेव्हलपर. एप्रिल २०२३ मध्ये एकटा म्युनिकला आलो, जुलैत बायको आणि लेक आल्या. लेक तेव्हा सव्वादोन वर्षांची. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला इथे आल्या आल्या नोकरी करायची परवानगी असते आणि येण्याआधी जर्मनची परीक्षाही द्यावी लागत नाही. कागदोपत्री एकदम झकास. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. मग बँक, विमा, टॅक्स नंबर. महिना-दीड महिन्यात सगळं झालं. ऑफिसमध्ये मला लोक विचारायचे, "सेटल झालात का?" मी म्हणायचो, "हो, झालो की!"

आणि मग रविवार यायचा.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. तुरळक अपवाद सोडले तर सगळी. रविवार हा विश्रांतीचा दिवस, असं त्यांच्या १९१९ च्या वायमार घटनेत लिहिलं होतं आणि तेच कलम आजच्या घटनेतही जसंच्या तसं घेतलंय. म्हणजे हा नुसता रिवाज नाही. रविवारी भिंतीला ड्रिल मारायचं नाही. रिकाम्या काचेच्या बाटल्या कोपऱ्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण खळखळ आवाज होतो. आपल्याकडे रविवार म्हणजे सकाळी मिसळ, दुपारी मामाकडे, संध्याकाळी डी-मार्टची रांग. इथे सकाळी अकरा वाजता खिडकी उघडली की चर्चची घंटा, आणि ती थांबली की काहीच नाही. पहिल्या रविवारी आमच्याकडे दूध संपलं होतं. असो.

मग आम्ही फिरायला लागलो. बायर्न-तिकीट नावाची सोय आहे. पाच जणांपर्यंत एकच तिकीट, शनिवार-रविवारी दिवसभर लोकल गाड्यांनी अख्खं बव्हेरिया राज्य फिरा. स्टार्नबर्गचा तलाव झाला, साल्झबुर्ग झालं (ते ऑस्ट्रियात, पण हे तिकीट तिथवर चालतं), फ्युसनला जाऊन नॉयश्वानस्टाइनचा किल्ला झाला. प्रत्येक रविवारी सव्वाशे फोटो. फॅमिली ग्रुपवर आत्या लिहायच्या, "स्वर्गात राहता रे तुम्ही!"

नोव्हेंबर आला. साडेचारला अंधार. २०२३ ची दिवाळी रविवारी होती, १२ नोव्हेंबर. नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी. हिवाळ्यात भारत आपल्या पुढे साडेचार तास असतो. म्हणजे आईकडे संध्याकाळी साडेसहाला पूजा, तेव्हा इथे दुपारचे दोन. आम्ही फोन टेबलावर उभा करून पूजा बघितली, आरतीला टाळ्या वाजवल्या. इथे अंधार पडून पणत्या लावाव्यात तोवर तिकडे जेवणं उरकून सगळे झोपायच्या तयारीत. फटाके नाहीत, कारण मोठे फटाके इथे फक्त ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला उडवता येतात. फुलबाज्या वर्षभर चालतात, त्या दोन पेटवल्या. खिडकीत आकाशकंदील लावला. खाली रस्त्यावर कुत्रं फिरवणारा एक माणूस, बाकी कोणी नाही.

त्या रात्री बायको म्हणाली, "अरे, आपण इथे राहत नाही. आपण इथे सहलीला आलोय. सहल संपली की माणसं घरी जातात ना?"

ती पुण्यात बँकेत होती. चार वर्षांची नोकरी सोडून आली होती. इथे तिची सगळ्यात लांब संभाषणं होती सुपरमार्केटच्या काउंटरवर, आणि ती सुद्धा "पावती हवी का?" एवढीच. डिसेंबरमध्ये तिनं मला शांतपणे सांगितलं, "मी पुढच्या दिवाळीपर्यंत बघते. नाही जमलं तर मी आणि लेक परत जातो. तू तुझं ठरव." चिडून म्हणाली असती तर मी समजूत काढली असती. ती चिडली नव्हती.

या पुढचं सगळं तिचं डोकं आहे, माझं नाही. जानेवारीत तिनं जाहीर केलं की रविवारची सहल बंद. दर रविवारी सकाळी दहा वाजता घरापासून चार मिनिटांवरच्या खेळाच्या मैदानात जायचं. तेच मैदान, तेच बाकडं. मी म्हटलं, "अगं, बाहेर उणे तीन आहे." ती म्हणाली, "त्यांची पोरं येतात ना?" आणि खरंच येतात हो. अंगभर फुगीर सूट घातलेली, गुबगुबीत. आईबाप थर्मासमधून कॉफी पीत उभे. पाऊस फारच असला की म्युझियम. इथली मोठी सरकारी चित्रसंग्रहालयं रविवारी १ युरोत बघायला मिळायची. त्यातही आम्ही एकाच म्युझियमला जायचो, लेकीला तिथला उतार धावायला आवडायचा म्हणून.

पहिले पाच-सहा रविवार कोणी आमच्याशी अवाक्षर बोललं नाही. लोक म्हणतात जर्मन माणसं थंड असतात. मला तसं वाटत नाही. ती उगाच बोलत नाहीत, पण बघत असतात. फेब्रुवारीत लेकीला ताप होता म्हणून आम्ही एक रविवार चुकवला. पुढच्या रविवारी एक तुर्की आजी, जिचा नातू आमच्या लेकीची बादली रोज पळवायचा, ती थेट बायकोकडे आली. "मागच्या आठवड्यात कुठे होतात?" बायकोचं जर्मन तेव्हा नुकतं ए-टू झालेलं. तिनं "मूल, ताप, आता ठीक" एवढं सांगितलं. घरी येईपर्यंत ती दोनदा म्हणाली, "तिनं विचारलं रे, कुठे होतात म्हणून."

सप्टेंबर २०२४ मध्ये लेकीला किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, जागा मिळाली. म्युनिकमध्ये ही जागा मिळणं म्हणजे काय ते इथल्या पालकांना विचारा. किटात सुरुवातीच्या काळाला आइनगेव्योनुंग म्हणतात. सरळ मराठीत रुळवणं. पहिले काही दिवस आई किंवा बाबानं मुलाबरोबर तिथेच बसायचं, तासभर. मग दहा मिनिटं बाहेर जाऊन परत यायचं. मग अर्धा तास. असं करत काही आठवड्यांनी पूर्ण दिवस. घाई केलेली त्यांना अजिबात चालत नाही. बायको तिथल्या छोट्याशा खुर्चीवर बसून परत आली आणि म्हणाली, "मला पण कोणीतरी असं दहा-दहा मिनिटं सोडायला हवं होतं."

आणि मग ती दिवाळी आली, जिच्यापर्यंत ती बघणार होती. २०२४ चं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, शुक्रवारी. त्या दिवशी बव्हेरियात सार्वजनिक सुट्टी असते! मी खूश. मग कळलं, तो सर्व संतांचा दिवस. लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावायला जातात. कायद्यानं तो 'शांत दिवस' आहे, सार्वजनिक नाचगाण्यावर बंदी असते. घरगुती कार्यक्रमाला ती लागू नाही, पण मला वाटलं शेजाऱ्यांना कसं वाटेल. बायकोनं ऐकलं नाही. इथे घरी पार्टी असली की जिन्यात चिठ्ठी लावायची पद्धत आहे, थोडा आवाज होईल, माफ करा, अशी. तिनं ती लावली. फक्त खाली एक ओळ जादा: "आमचा दिव्यांचा सण आहे, पाच वाजता चहा आणि फराळाला या."

फराळाचं सांगतो, कारण हे कामाचं आहे. भारतातून युरोपात दूध आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे आईच्या हातचं साजूक तूप, पेढे, खवा, सगळं बाद. इथल्या दुकानात बुटरश्माल्ट्स मिळतं, ते चक्क तूपच आहे, बेसनाचे लाडू त्यात फर्स्ट क्लास होतात. श्रीखंडाला क्वार्क वापरा, चक्का टांगायची गरज नाही. चकलीची भाजणी सासूबाईंकडून आली होती. तिला काही पर्याय सापडलेला नाही, कोणाला माहीत असेल तर कळवा.

पाच म्हणजे पाच. आपल्यासारखं साडेसहा नाही. बायकोच्या साडीच्या निऱ्या हातात असताना बेल वाजली. नऊ जण आले. दारात बूट काढले, कोणी कुंडी आणली, कोणी घरी भाजलेली बिस्किटं. एका काकांनी चकली निरखून विचारलं, "ही तुमची ब्रेत्सल का?" तळमजल्यावरच्या आजी सगळ्यात शेवटी आल्या, कोट न काढता. त्या दफनभूमीतून थेट आल्या होत्या. पणत्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मी पण आत्ताच एक लावून आले." मग खुर्ची ओढून बसल्या, दोन लाडू खाल्ले, तिसरा रुमालात बांधून नेला. सात वाजता सगळे गेले. भांडी घासताना आम्ही फारसं बोललो नाही.

दहा दिवसांनी, ११ नोव्हेंबरला, किटाची कंदिलांची मिरवणूक होती. संत मार्टिननं थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून दिला, त्याची आठवण म्हणून मुलं कागदी कंदील घेऊन अंधारात गाणी म्हणत चालतात. लेकीनं शाळेतला कंदील बाजूला ठेवला आणि घरचा आकाशकंदील काठीला बांधून घेतला, झिरमिळ्यांसकट. पुढच्या वर्षी तिच्या तीन मैत्रिणींना तसाच हवा होता. बायकोनं एका शनिवारी त्या सगळ्यांना घरी बसवून करून दिला.

"मी राहते" असं बायको कधीच म्हणाली नाही. डिसेंबरात मी टेबलावर एक पावती बघितली, मार्चमधल्या बी-टू परीक्षेच्या फीची. मी काही विचारलं नाही. आता ती एका हिशेबनिसांच्या ऑफिसात अर्धवेळ काम करते.

सगळं गोड झालंय असं नाही. आई-बाबा २०२५ च्या उन्हाळ्यात ९० दिवस आले होते. टुरिस्ट व्हिसावर तेवढंच. बाबा साताऱ्याचे. जुलैत त्यांना नॉयश्वानस्टाइनला नेलं. तेव्हा नुकतीच जागतिक वारशाची यादी जाहीर झालेली. आपले १२ किल्ले ११ जुलैला यादीत आले आणि लुडविग राजाचे हे महाल १२ जुलैला. बाबा कड्यावर उभे राहून म्हणाले, "आपला प्रतापगड १६५६ चा, आणि यादीत पण एक दिवस आधी." १५ ऑगस्टला म्युनिक बंद बघून ते फार खूश झाले. ती मेरीमातेच्या सणाची सुट्टी असते, हे मी त्यांना संध्याकाळी सांगितलं.

आता नव्या कायद्यानं आई-वडिलांना कायम आणता येतं, पण ज्यांना पहिला परवाना १ मार्च २०२४ किंवा त्यानंतर मिळालाय, त्यांनाच. माझा २०२३ चा. विमानतळावर आईनं लेकीला विचारलं, "कधी येणार घरी?" लेक म्हणाली, "आम्ही आत्ता घरीच चाललोय." आई हसली. मी बाबांच्या बॅगेचं वजन परत एकदा बघितलं.

२०२५ चं लक्ष्मीपूजन मंगळवारी, २१ ऑक्टोबरला होतं. साधा कामाचा दिवस, मी सुट्टी टाकली. चौदा जण आले. २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे, रविवारी. तळमजल्यावरच्या आजींनी तारीख आत्ताच विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलीय, आणि विचारलंय की तेव्हा तुझी आई असेल का, म्हणजे लाडू कसे करतात ते तिलाच विचारता येईल. व्हिसाच्या अपॉइंटमेंटच्या मागे मी उन्हाळ्यापासूनच लागणार आहे.